मूळ फोटो आहे का?

परवा दुपारी आप्पा स्टुडिओत आले, खुर्चीत टेकले आणि फोन माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "भाऊ, हा फोटो खरा आहे असं तुझ्या लेटरपॅडवर लिहून दे."

फोटो त्यांच्या द्राक्षबागेचा. वेलींखाली गारांचा पांढरा खच, घडांचे मणी तडकलेले, पानं फाटून तारेला चिकटलेली, आणि एका कोपऱ्यात आप्पांची चप्पल. नुकसानीच्या दाव्याला त्यांनी तो जोडला होता. टेबलापलीकडच्या माणसानं फोनकडे एक नजर टाकली आणि सांगितलं, "असे फोटो हल्ली मोबाइलवर दोन मिनिटांत तयार होतात." आप्पांना बाग करायला लागून चाळीस वर्षं झाली. "मला खोटा पाडला रे त्यानं," हे एकच वाक्य ते माझ्याकडे बसून दोनदा बोलले.

मी फोटो मोठ्या स्क्रीनवर घेऊन बघितला. माझ्या डोळ्यांना तो खराच दिसला. तरी मी लगेच लिहून दिलं नाही. का नाही दिलं, ते सांगण्यासाठी ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा.

फोटो बदलतात कसा हे मला चांगलं माहीत आहे, कारण माझी रोजीरोटी बऱ्याच अंशी त्याच कामावर चालली. वडील निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं गालावरचे व्रण बुजवायचे. मी फोटोशॉपवर शिकलो. आमच्या दुकानात नेहमी येणारं काम म्हणजे गेलेल्या माणसाला फोटोत आणणं. मुलाचं लग्न लागलं, वडील त्याआधीच गेलेले. मग आई नवऱ्याचा जुना पासपोर्ट फोटो पदरात गुंडाळून आणते आणि म्हणते, "ह्यांना माझ्या शेजारी उभं करा." हे काम मी शेकडो वेळा केलंय आणि पुढेही करणार. तो फोटो घरातल्या भिंतीवर लागतो आणि तो कसा झाला हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यात कुणाची फसवणूक नाही.

या कामात सगळ्यात जास्त अडतं ते उजेडापाशी. पासपोर्टच्या फोटोत उजेड समोरून आलेला, मांडवात तो डावीकडून वरून पडलेला. नवऱ्याच्या नाकाची सावली एकीकडे आणि बायकोच्या नाकाची दुसरीकडे, असं होऊन चालत नाही. डोळ्यात उजेडाचा बारीक पांढरा ठिपका असतो, तो सगळ्यांच्या डोळ्यांत साधारण एकाच बाजूला पाहिजे. जुन्या फोटोचे दाणे जाड, नव्याचे बारीक, ते जुळवायला अर्धा दिवस जातो. पायाखालची सावली तर शिकाऊ पोरं हमखास विसरतात.

फोटोतला फेरफार शोधणारे तज्ज्ञसुद्धा आधी याच जागा बघतात. अमेरिकेतले प्राध्यापक हॅनी फरीद हे या शास्त्रातलं मोठं नाव. सावलीतल्या बिंदूपासून ती सावली पाडणाऱ्या वस्तूवरच्या बिंदूपर्यंत रेघ ओढायची, आणि अशा रेघा पुढे वाढवल्या की त्या सगळ्या एकाच दिव्याकडे, एकाच सूर्याकडे जायला हव्यात, ही त्यांच्या कामातली एक कसोटी. इतकी साधी, की भूमिती शिकलेलं शाळकरी पोरही पट्टी घेऊन करून बघेल.

त्याखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा असतात. जेपीईजी, म्हणजे फोटो साठवायचा नेहमीचा प्रकार, चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे (ठिपक्यांचे) चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील थोडाथोडा टाकून देते, म्हणून फाइल लहान होते. असा फोटो उघडून त्यात बाहेरचा तुकडा चिकटवला आणि पुन्हा सेव्ह केला, की मूळ भाग दोनदा दाबला जातो आणि आलेल्या तुकड्याचा हिशोब वेगळा पडतो. चौकोनांची ओळ तिथं बहुतेक वेळा मोडते. दुसरी खूण कॅमेऱ्याची. प्रत्येक सेन्सरमध्ये बनतानाच सूक्ष्म असमानता राहते आणि ती त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत अंधुक उमटते, जसे गोळीवर त्या बंदुकीच्या नळीचे ओरखडे उमटतात. फोन आणि मूळ फाइल दोन्ही हातात असतील तर हा फोटो याच फोनमधून निघाला का, हे बऱ्याच खात्रीनं सांगता येतं.

मूळ फाइल असेल तर. सगळी गोम इथेच आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो, नव्यानं दाबला जातो, आणि कॅमेरा कुठला, तारीख कोणती, जागा कोणती ही फाइलच्या पोटातली माहिती निघून जाते. खोट्या फोटोतली चोरी त्यात झाकली जाते आणि खऱ्या फोटोची साक्षही त्याच वेळी पुसली जाते. आप्पांच्या फोनमध्ये होती ती अशीच प्रत. फोटो मुलानं काढला, बापाला पाठवला, आणि महिन्याभरात फोन भरला म्हणून गॅलरी रिकामी केली. फाइलच्या नावातच 'डब्ल्यूए' ही व्हॉट्सअ‍ॅपची अक्षरं होती. एआयनं बनवलेले फोटो ओळखून देतो म्हणणाऱ्या तीन वेबसाइटवर मी तो टाकून बघितला. एकीनं खरा ठरवला, दुसरीनं बहुधा एआयचा, तिसरीनं मधलाच कुठलातरी टक्का दाखवला. या टक्क्यांवर कुणाचा दावा मंजूर किंवा नामंजूर होऊ लागला तर तो अन्याय होईल, हे मी जबाबदारीनं लिहितोय.

मोठ्या बातमीतले फेरफार पकडले गेले ते कसे, तेही बघा. ऑगस्ट २००६ मध्ये रॉयटर्सनं बैरुतवरच्या बॉम्बहल्ल्याचा एक फोटो दिला. त्यातला धूर जास्त दाट दिसावा म्हणून क्लोन स्टॅम्पनं, म्हणजे फोटोतला एक तुकडा उचलून दुसरीकडे छापणाऱ्या हत्यारानं, वाढवलेला होता. धुराचे तेच ते वेटोळे पुन्हा पुन्हा आलेले लोकांनी घरबसल्या ओळखले. रॉयटर्सनं चूक मान्य केली आणि त्या छायाचित्रकाराचे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले. जुलै २००८ मध्ये इराणच्या चार क्षेपणास्त्रांचा फोटो जगातल्या बड्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेला. चौथं क्षेपणास्त्र आणि त्याखालची धूळ शेजारच्यांवरून उचललेली होती. दोन्ही वेळा फोटो चांगल्या दर्जाचा समोर होता, आणि तो कुणी दिला हे सांगता येत होतं. जाब कुणाला विचारायचा हे ठाऊक होतं.

ग्रुपवरच्या फोटोचं काय? त्याला ना आई ना बाप. २८ मे २०२३ ला दिल्लीत आंदोलन करणाऱ्या कुस्तीपटूंना पोलिसांनी ताब्यात घेतलं. गाडीतला सेल्फी आला, त्यात विनेश आणि संगीता फोगट गंभीर चेहऱ्यानं बसल्या होत्या. काही तासांत तोच फोटो दुसऱ्या रूपात फिरू लागला: दोघी हसतायत. मोबाइलवरच्या अ‍ॅपनं ओठ ताणून दात बसवले होते. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ बघत होतो. बाकी सगळं तेच, फक्त चेहऱ्यावरचं दुःख काढून घेतलेलं. माझ्या धंद्यात ज्याला किरकोळ करेक्शन म्हणतात, तेवढंच काम. पण त्या हसूनं त्यांचं आंदोलन नाटकी ठरवायचं होतं, आणि खरा फोटो समोर येईपर्यंत बऱ्याच जणांनी तसं ठरवूनही टाकलं होतं.

आणि राईनपाडा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे गाव आपल्यापैकी कुणी विसरू नये. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं मारून टाकलं. त्या वर्षी देशभर जे व्हिडिओ फिरत होते, त्यात एक होता मोटरसायकलवरून मूल उचलून नेण्याचा. तो कराचीत मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करायला बनवलेला होता. शेवटी ते लोक मूल परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला. सीरियात २०१३ मध्ये विषारी वायूनं मेलेल्या मुलांची दृश्यंही तशीच मुलं पळवण्याच्या गोष्टीला जोडून फिरवली गेली. ती दृश्यं खरी होती, त्यांच्याखाली लिहिलेलं खोटं होतं. असल्या वेळी पिक्सेल तपासून काहीही सापडत नाही. तिथं विचारावं लागतं: हे कुठलं, कधीचं, याच्या आधीचं आणि नंतरचं कुठे आहे? गूगल लेन्सवर टाकून जुनी प्रत शोधायला एक मिनिट लागतो. एवढा एक मिनिट आपण देत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

पण आता मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्या बाजूची. लोक खोट्यावर विश्वास ठेवतात हे एक दुखणं झालं. खऱ्यावर विश्वास ठेवायचं सोडतात, हे त्याहून मोठं. चेस्नी आणि सिट्रन या दोन अमेरिकी कायदा प्राध्यापकांनी याला जे नाव दिलंय, त्याला मराठीत मी 'लबाडाचा नफा' म्हणेन. बनावट फोटो इतके झाले, की पकडला गेलेला माणूस खऱ्या फोटोलाही बनावट म्हणून मोकळा होतो. आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये आजारी राष्ट्राध्यक्ष अली बोंगो यांचा नववर्षाचा व्हिडिओ आला, तेव्हा विरोधकांनी तो डीपफेक, म्हणजे एआयनं बनवलेला नकली व्हिडिओ, असल्याचं म्हटलं. आठवड्याभरात, ७ जानेवारी २०१९ ला, तिथं लष्करी बंडाचा प्रयत्न झाला. त्या व्हिडिओत फेरफार झाल्याचा ठोस पुरावा नंतर मिळाला नाही. नुसत्या संशयानं केवढी आग लागू शकते ते यावरून कळतं.

आप्पांना परत पाठवणाऱ्या त्या माणसाची बाजूही मी समजू शकतो. त्याच्यापुढे खोटे फोटो येतातच. रोजगार हमीच्या हजेरीच्या अ‍ॅपवर कामाचा फोटो टाकण्याऐवजी फोटोचाच फोटो काढून टाकतात, भलतेच फोटो चढवतात, असं केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं जुलै २०२५ मध्ये राज्यांना स्वतःच कळवलं होतं. माझ्याकडेही "फोटोवरची तारीख तेवढी बदलून द्या" म्हणणारे येतात. मी त्यांना परत पाठवतो. पण शेजारच्या दुकानात ते काम होत असणार हेही मला ठाऊक आहे, आणि माझ्या फोटोग्राफर भावांना माझी हात जोडून विनंती आहे, की करू नका. दोनशे रुपयांसाठी बदललेल्या त्या तारखेची किंमत पुढे कुणीतरी आप्पा भरतो.

मूळ आणि प्रत यांतला फरक कायदा आपल्या आधी शिकला, आणि तोही आपल्या जालन्याच्या खटल्यात. २०१४ ची विधानसभा, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात २९६ मतांचा फरक. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हा वाद. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण सीडीवर कोर्टात आलं, पण ही प्रत कुठल्या उपकरणातून, कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळालं नव्हतं. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूळ उपकरणच कोर्टापुढे आणलं तर वेगळी गोष्ट, पण प्रत द्यायची असेल तर कायद्यातलं प्रमाणपत्र लागेलच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ खालच्या नमुन्यात फाइलची हॅश संख्याही, म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेली तिची ओळखसंख्या, लिहावी लागते. फाइलमध्ये एक पिक्सेल जरी बदलला तरी ती संख्या पार बदलते.

म्हणून सांगतो. पंचनाम्याचा, अपघाताचा, मारहाणीचा, पिकाचा, कसलाही कामाचा फोटो काढलात तर मूळ फाइल पुसू नका. पाठवायचाच असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी जाते. एकच जवळचा फोटो काढून थांबू नका. लांबून, बांधावरून, विहीर नाहीतर विजेचा खांब दिसेल असाही काढा. तालुक्यातल्या कुणाचीही अशी फाइल मी माझ्या संगणकावर फुकट उतरवून ठेवीन, हॅश काढून वहीत तारखेसह लिहीन. फोन घेऊन या. फोटो मला पाठवू नका, फोनच आणा.

आप्पांना मी शेवटी दोन वाक्यं लिहून दिली. पहिलं: या फोटोत उजेड, सावली आणि तपशील यांत मला कुठेही विसंगती आढळली नाही. दुसरं: तपासलेली फाइल मूळ नसून व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत आहे.

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. मग विचारलं, "हे दुसरं लिहायलाच पाहिजे का?"

मी म्हटलं, "हो आप्पा. ते असलं तरच पहिल्याला अर्थ आहे."

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि मुलाला फोन लावला. त्याच्या जुन्या फोनचं मेमरी कार्ड घरात कुठे पडलंय का, ते विचारायला.