हिरवे चेहरे, सोनेरी पार्श्वभूमी आणि जॉत्तो : एका प्रतिक्रियेला उत्तर

चिमाबुए, दुच्चो आणि जॉत्तो या तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इटालियन चित्रकारांच्या मॅडोना-चित्रांवरच्या (बाळ येशूसह मेरीच्या चित्रांवरच्या) लेखाला आलेल्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्व रोमन साम्राज्याच्या, वळणाच्या चित्रकारांना त्वचेचा रंग साधत नव्हता म्हणून चेहरे हिरवट. सोनं म्हणजे पैसे देणाऱ्यांच्या श्रीमंतीचा देखावा. आणि जॉत्तो आला तशी जुनी पद्धत संपली. आक्षेप नेमके आहेत, तेव्हा उत्तरही नेमकं हवं.

हिरव्यापासून सुरुवात करतो. तो चुकून आलेला नाही, मुद्दाम दिलेलं अस्तर आहे. चेन्निनो चेन्नीनी या इटालियन चित्रकारानं १४००च्या सुमारास लिहून ठेवलेली कृती अशी : हिरवी माती आणि थोडा शिशाचा सफेदा अंड्याच्या बलकात कालवून चेहऱ्यावर दोन हात द्यायचे. मग हिंगूळ आणि सफेदा यांच्या गुलाबी छटा, फिक्या होत जाणाऱ्या. बलकातला रंग बघता बघता वाळतो, ओल्यात ओलं मिसळायला सवडच मिळत नाही. म्हणून बारीक कुंचल्यानं रेघेला रेघ लावत गोलाई आणायची. गालावर रेघा दाट, जबड्याच्या कडेला आणि डोळ्यांच्या खोबणीत विरळ. तिथे खालचा हिरवा डोकावतो आणि सावलीचं काम करतो.

मग आज काही चेहरे सबंध हिरवे का दिसतात? कारण वरचा गुलाबी थर फार पातळ असतो. मेणबत्त्यांची काजळी काढण्यासाठी ही चित्रं पुढच्या शतकांत कडक क्षारांनी घासली गेली, गुलाबी निघून गेला, अस्तर उघडं पडलं. दोष चित्रकाराचा नाही, सफाईचा आहे. शिवाय चेन्नीनी आपली गुरुपरंपरा सांगतो : तो आन्योलो गाद्दीचा शिष्य, आन्योलो ताद्देओचा मुलगा आणि ताद्देओ २४ वर्षं जॉत्तोचा शिष्य. म्हणजे तुम्ही ज्या हिरव्याला बायझंटाइन अडाणीपणा म्हणता, तो जॉत्तोच्या घराण्याचाच पाठ आहे.

सोन्याबद्दल तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. १५ एप्रिल १२८५ रोजी फ्लॉरेन्सच्या लाउदेसी या मेरीभक्तांच्या धार्मिक मंडळानं दुच्चोशी करार केला, मोबदला १५० लिरा, सोन्याचा खर्च चित्रकारानं सोसायचा, आणि चित्र मनाजोगतं उतरलं नाही तर पैसे द्यायचं बंधन मंडळावर नाही. प्रतिष्ठेचा प्रश्न होताच. पण फळीवर सोनं टिकवणं हे पैशाचं नाही, हाताचं काम आहे. पॉप्लरच्या फळ्यांवर सरस, त्यावर लिननच्या पट्ट्या, मग जाड्या प्लास्टरचा थर. त्यानंतर महिनाभर पाण्यात रोज ढवळून घट्ट होण्याची ताकद मारलेलं बारीक प्लास्टर, सरसात कालवून निदान आठ हात. वरच्या थरात सरस जास्त झाला तर वाळताना तो आकसतो, खालच्या थराला ओढतो आणि भेगा पडतात. पृष्ठभागावर कोळशाची पूड भुरभुरून उंचवटे शोधायचे आणि पात्यानं खरवडायचे, कारण वर्खाखाली रेतीचा कणही लपत नाही. मग फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात तांबडी माती, चार हात. ती ओली करून वर्ख ठेवायचा आणि हेमॅटाइटच्या घोटणीनं घोटायचा. लवकर घोटला तर वर्ख फाटतो, उशीर झाला तर चकाकी येत नाही. सोनारानं एका डुकाटमधून (सोन्याच्या नाण्यातून) १४५ नव्हे, १०० वर्ख काढलेले असावेत, असं चेन्नीनी बजावतो. सपाट पार्श्वभूमीला जाड वर्खच हवा.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सोनं रंगाच्या आधी लागतं. आकृतीची कड तेव्हाच प्लास्टरवर कोरून ठरलेली असते आणि मागे डोंगर किंवा आकाश काढून खोली दाखवायला जागा उरत नाही. खोली आकृतीनंच आपल्या अंगानं निर्माण करायची. जॉत्तोच्या ओन्यिसांती मॅडोनामध्येही (सुमारे १३००–१३१०) पार्श्वभूमी सोन्याचीच आहे. बदलला तो प्रकाश.

फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी संग्रहालयात तिघांची मॅडोना-चित्रं एकत्र आहेत. चिमाबुएच्या मॅडोनाच्या वस्त्रावर सोन्याच्या रेघांचं जाळं आहे. त्या रेघा म्हणजे प्रकाश, पण तो एका दिशेनं येत नाही, म्हणून गुडघा कुठे आहे हे रेघांवरून कळतं, वजनावरून नाही. जॉत्तोनं ते जाळं काढून टाकलं. पांढऱ्या अंगरख्याखाली छाती आहे, निळ्या वस्त्राखाली गुडघे आहेत, सिंहासनाच्या बाजूच्या खिडक्यांतून मागचे संत दिसतात. झेप मोठीच आहे, त्यावर वाद नाही.

मात्र ती एकट्याची नाही. दुच्चोच्या १२८५च्या त्याच चित्रात मॅडोनाच्या निळ्या वस्त्रावरून रेघा गेल्या आहेत, उरली आहे ती काठाची नागमोडी सोनेरी ओळ. आणि त्याही आधी, १२६१च्या सुमारास, कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या चर्चमध्ये बायझंटाइन कारागिरांनी डीसिस (येशूपुढे विनवणी करणारे मेरी आणि बाप्तिस्मा देणारा योहान) हे रंगीत तुकड्यांचं मोझेइक रचलं. त्यातल्या योहानाच्या कपाळावरच्या आठ्या आणि येशूच्या गालावर हळूहळू उतरणारी सावली पाहिली, तर ‘त्यांना जमत नव्हतं’ हे विधान टिकत नाही.