८० हजारांच्या बासलाही पाऊस हाच लागतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नवशिक्यांनी २० हजारांचा बास (खालच्या सुरांची चार तारांची बास गिटार) घेतला तरी चालतो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर "२० हजारांचा बास कोकणात एका पावसाळ्यात कामातून जातो. नेक वाकते, तारा गंजतात, सूर राहत नाही. नवशिक्यांची दिशाभूल करू नका, एकदाच ८० हजार घाला म्हणून सांगा. तसंही भजनात-नमनात बास ऐकू कोणाला येतो?" ही तुमची प्रतिक्रिया. नेक (बासची लांब मान) वाकते, तारा गंजतात हे अगदी खरं आहे. पण त्याचं खापर किमतीवर फोडलंत, ते पटत नाही.

बासच्या चार तारा मिळून नेकवर ७५ किलोंच्या आसपास ताण देतात. आत बसवलेला ट्रस रॉड (धातूची सळई) तो ताण तोलून धरतो. नेकच्या पाठीला लॅकर असतो, पण पुढचा रोझवूडचा फिंगरबोर्ड (बोटांनी तारा दाबायची पट्टी) बहुधा उघडाच असतो. मृग लागला की लाकूड ओल पितं, ऑक्टोबरच्या उन्हात ती सोडतं, आणि तोल बिघडतो. महागड्या बासचंही हेच होतं. त्यामुळे वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुणाचाही बास असो, वर्षातून दोनदा सेटअप (नेक, तारांची उंची आणि सूर जुळवणं) हवाच : एकदा पाऊस स्थिरावल्यावर, एकदा दिवाळीच्या सुमारास.

बास आधी सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथला फ्रेट दाबून धरा. आता सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामधली फट बघा. ती ०.३ मिलिमीटरच्या जवळपास हवी, म्हणजे एखादं जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळायचा, फट नसेलच तर उलट ढिला करायचा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात लावायचं आणि दुसऱ्या दिवशी परत मोजायचं, कारण लाकूड सावकाश बसतं. नेक पुढे येईल की मागे जाईल हे लाकडागणिक बदलतं, म्हणून दुसऱ्याचं बघून आपला रॉड फिरवू नये.

इथेच बहुतेक बास खराब होतात. रॉडच्या ५ मिलिमीटरच्या खाचेत ३/१६ इंचाची ॲलन की (षटकोनी चावी) घातली की ती सैल बसते (३/१६ म्हणजे ४.७६), जोर लावला की खाच गोल होते, आणि मग नेकच बदलावी लागते. बासबरोबर आलेली की केसमध्येच ठेवा.

नेक नीट झाल्यावरच ब्रिजला (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) हात लावा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण २.४ मिलिमीटर फट हवी, बारीक तारेखाली २. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) मागे घ्या. "सूर राहत नाही" या तक्रारीतल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तुमचं एक म्हणणं मात्र मान्य. लाकडाच्या पाच पट्ट्या चिकटवून केलेली किंवा आत ग्राफाइटच्या कांबी घातलेली नेक खरंच कमी हलते, आणि तशी नेक स्वस्तात मिळत नाही. लेखात हे यायला हवं होतं. पीळ पडलेल्या नेकलाही रॉडचा इलाज नाही. दुकानातच हेडस्टॉककडून (नेकचं खुंट्यांचं टोक) डोळा लावून बघा. पीळ दिसला तर कितीही स्वस्त असला तरी तो बास सोडून द्या.

तारांचं म्हणाल तर खारा वारा त्यांना सोडणार नाही. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तार वरून आणि खालूनही पुसायची. घामाचं मीठ खालच्या बाजूला राहतं. मळलेल्या तारा पाण्यात उकळण्याची युक्ती सगळे सांगतात, पण आपल्या हवेत वेटोळ्यांत शिरलेलं पाणी सुकत नाही आणि गाभा आतून गंजतो. त्यापेक्षा रात्रभर डिनेचर्ड स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा, विस्तवापासून लांब. फ्लॅटवाउंड (वरचं वेटोळं सपाट असलेल्या) तारा घेतल्यात तर आणखी बरं, मळ साठायला खाचाच नसतात. मोटाउनचा बासवादक जेम्स जेमरसन आपल्या १९६२च्या फेंडर प्रिसिजन बासवर जाड फ्लॅटवाउंडच लावायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. तो गोल, दबलेला, ठाम आवाज मला आजही सगळ्यात जवळचा वाटतो.

चिऱ्याची भिंत पावसाळाभर ओल धरते, त्यामुळे बास भिंतीला टांगू नका. हार्ड केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून माजघरात ठेवा. तारा पूर्ण सोडू नका, नाहीतर रॉड एकटाच नेकला मागे ओढत राहतो.

आता भजनात बास ऐकू येत नाही, हे. बासची केबल थेट मिक्सरच्या लाइनमध्ये खुपसली तर आवाज मेंगळट होणारच. मध्ये डीआय बॉक्स (बासचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) हवा. मांडवातल्या वायरी-दिव्यांमुळे पिकअपमध्ये (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग) घरघर शिरते. प्रिसिजनचा १९५७ पासूनचा दुभंगलेला पिकअप ती घरघर स्वतःच मारतो. फेंडरच्याच दोन पिकअपच्या जॅझ बासवर दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले तरच ती जाते. मांडवात वाजवणाऱ्याला मी पहिल्या पद्धतीचा पिकअप सुचवतो, तो याचसाठी.

आणि वाजवायचं काय, हेही बघा. बासच्या मोकळ्या (न दाबलेल्या) तारा हार्मोनियमच्या पट्टीत पांढरी तीन, सहा, दोन आणि पाच. बुवा काळी एकला गात असतील तर षड्जाला मोकळी तार नाही. तो दुसऱ्या जाड तारेवर चौथ्या फ्रेटला, आणि खालचा पंचम त्याच फ्रेटवर शेजारच्या सगळ्यात जाड तारेवर. चारी तारा अर्धा सूर उतरवल्या तर काळी एक आणि काळी चार मोकळ्या मिळतात, पण ताण कमी झाल्याने नेक पुन्हा मोजावी लागते. ढोलकीचा धुमा घुमत असतो तिथे बासने सूर धरून थांबावं. दोघेही खालच्या सुरांत धावले की नुसता गलका होतो, आणि लोक म्हणतात बास ऐकू येत नाही.

किमतीबद्दल एवढंच. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये हॉफनर बास घेतला तो ३० पौंडांच्या आसपास, कारण फेंडर परवडत नव्हता. तुमच्या ८० हजारांतले २० बासला द्या. उरलेल्यात हार्ड केस, डीआय, सेटअप, तारांचे दोन-तीन संच आणि बरा ॲम्प बसतो, तरी पैसे उरतात.

तुमचा वाकलेला बास अजून असेल तर टाकू नका. खरखर कुठे येते ते कळवा. पहिल्या चार-पाच फ्रेटवर सगळ्याच तारांना येत असेल तर बहुधा नेक मागे गेली आहे, रॉड ढिला करावा लागेल. एकाच फ्रेटवर येत असेल तर त्याच्या पुढचा एखादा फ्रेट उचलला असेल. तो बसवून घ्या, रॉडला हात लावू नका.