किंगची सुट्टी कोणाला?

विषय काढला पिंट्याने. अमेरिकेतल्या क्लायंटचा मेल आला होता: सोमवारी ऑफिस बंद, मार्टिन ल्यूथर किंग डे, म्हणजे काळ्यांच्या समान हक्कांसाठी लढलेल्या नेत्याची जयंती.

"माणूस जन्मला १५ जानेवारीला आणि सुट्टी तिसऱ्या सोमवारी," पिंट्या म्हणाला. "शनिवार-रविवारला जोडून. जयंती कसली रे ही?"

"सरकारने सुट्टी दिली की नेता कॅलेंडरात जाऊन बसतो," मास्तरांनी री ओढली.

वकील उसळलाच. "दिली? भांडून घेतलीय ती! ४ एप्रिल १९६८ ला मेंफिसमध्ये किंगना गोळी घातली. चार दिवसांत खासदार जॉन कॉन्यर्सनी संसदेत विधेयक आणलं. राष्ट्राध्यक्ष रेगनची सही कधी झाली? नोव्हेंबर १९८३. मधे १९७९ ला पाच मतांनी हुकलं. मग किंगची बायको कोरेटा गावोगाव फिरल्या, स्टीव्ही वंडरने गाणं केलं, साठ लाख सह्या जमल्या. तरी सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, २२ जण विरोधात गेलेच."

"का पण?"

"एक म्हणे खर्च परवडत नाही. दुसरं म्हणे किंग कम्युनिस्टांच्या जवळचे."

ॲरिझोना राज्याची गोष्ट त्याने रंगवूनच सांगितली. तिथल्या मतदारांनी १९९० मध्ये ही सुट्टी नाकारली, तर फुटबॉलवाल्यांनी १९९३ चा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, उचलून कॅलिफोर्नियात नेला. १९९२ मध्ये मतदारांनी मुकाट होकार दिला.

"म्हणजे पटलं नाही, खिसा दुखला," पिंट्या.

"दुखू दे की! माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध किंगच्या नेतृत्वाखाली काळ्यांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, तेव्हा काय दुखलं होतं?"

हे मला पटलं. पण पुढचं ऐकून मी चाटच पडलो. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत याच सोमवारी रॉबर्ट ई. लीचीही जयंती असते. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या फौजेचा सेनापती आणि किंग, दोघांना मिळून एक सुट्टी! याला तडजोड म्हणणारे असतील. मला तरी हा कोडगेपणा वाटतो.

मास्तर मात्र आपला मुद्दा सोडेनात. "किंग मेंफिसला गेले होते कशाला, ते सांग."

"सफाई कामगारांच्या संपासाठी."

"संप का झाला? पाऊस आला म्हणून दोन कामगार कचऱ्याच्या गाडीत मागे आडोशाला बसले. दाबयंत्र अचानक चालू झालं आणि दोघं आत चिरडले गेले. तेराशे जण संपावर गेले. हातात पाट्या, 'मी माणूस आहे'. आता सांग, तुझी ही सुट्टी खासगी मालकावर बंधनकारक आहे?"

"नाही," वकील जरा नरमला. "केंद्राच्या नोकरांना पगारी सुट्टी. बाकी ज्याची त्याची मर्जी."

"मग हॉटेलात भांडी घासणाऱ्याला काय?"

"म्हणून तर १९९४ मध्ये कायद्यानेच हा सेवेचा दिवस केला. लोकांनी घरी लोळायचं नाही, बाहेर पडून समाजाचं काम करायचं."

"ज्याला सुट्टी आहे त्याने. मी दुसऱ्याबद्दल विचारतोय."

वकील गप्प बसला. असं फार क्वचित होतं.

पिंट्या एव्हाना तो मेल पुन्हा उघडून खालपर्यंत वाचत होता. "च्यायला! शेवटी लिहिलंय, सोमवारी काही तातडीचं निघालं तर सपोर्टला फोन करा."

"मग?"

"सपोर्ट म्हणजे मीच ना!"