टोल घ्या, पण आमच्या पांदणीचा वाटा ठेवा

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या वावरातली सोयाबीनची गंजी चार दिवस ताडपत्रीखाली पडून होती. मळणीयंत्र गावात उभं, मजूर तयार, पण पांदणीत, म्हणजे वावराकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेत, गुडघाभर चिखल. ट्रॅक्टर अर्ध्या वाटेत फसला. तो ओढायला दुसरा आणला, तोही फसला. काळी माती एकदा पाणी प्यायली की तिथून बैलबंडीसुद्धा निघत नाही. ऊन पडल्यावर मळणी झाली, तोवर खालचा थर काळा पडला होता. बाजार समितीत डागी माल म्हणून भाव पाडला. शेजारचे काका धुऱ्यावर (बांधावर) बसून म्हणाले, "बावा, सोयाबीन तं गेलं, आता तूर कशी काढशीन?"

त्याच धुऱ्यावरून समृद्धी महामार्ग दिसतो. चुलत्याचं सव्वा एकर त्यात गेलं. मोबदला चांगला मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही.

मी टोलच्या विरोधात नाही. संत्र्याच्या दिवसांत आमची पिकअप शेलूबाजारवरून समृद्धीला लागते आणि नागपूरच्या कळमना बाजारात जाते. जुन्या रस्त्याने धक्के खात जाताना फळ दबायचं, आता तसं होत नाही. हलक्या मालवाहू गाडीचा दर आधी किलोमीटरला 2 रुपये 79 पैसे होता, 1 एप्रिल 2025 पासून 3 रुपये 32 पैसे झाला. म्हणजे 100 किलोमीटरला 332 रुपये. खिशाला जाणवतं, पण फळ शाबूत पोचतं म्हणून मी ते देतो. जो रस्ता वापरतो त्याने त्याचे पैसे द्यावेत, हे मला पटतं.

म्हणूनच "टोल माफ करा" ही मागणी मला पटत नाही. 2015 मध्ये राज्य सरकारने 12 नाके बंद केले आणि 53 नाक्यांवर कार, जीप आणि एसटीला सूट दिली. एसटीची सूट शंभर टक्के बरोबर. पण कारवाल्याला सूट कशासाठी? संत्रा नेणारी पिकअप आणि कापसाचा ट्रक मात्र टोल भरतच राहिले. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवरही कारला माफी मिळाली. माफी दिली की ठेकेदाराची भरपाई तिजोरीतून करावी लागते. त्या तिजोरीत आमच्याकडे निंदणीला येणाऱ्या बायांचेही पैसे आहेत, साबणापासून चपलेपर्यंत सगळ्यावर त्या कर भरतात. त्यांच्या घरी सायकलसुद्धा नाही, आणि मुंबईतल्या कारचा टोल त्यांनी भरायचा! यापेक्षा जो रस्ता वापरतो त्याच्याकडूनच टोल घेणं कितीतरी न्यायाचं आहे.

माझा सवाल टोलच्या पैशाने पुढे काय होतं याचा आहे. ज्या पैशातून महामार्ग होतो, त्यातला एक रुपयाही महामार्गाला येऊन मिळणाऱ्या वाटांवर का लागू नये? समृद्धीवर मोटरसायकल चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही. आमच्या गावातल्या बहुतेकांकडे हीच दोन वाहनं. त्यांच्यासाठी रस्ता म्हणजे पांदण.

हे काही जगावेगळं मागणं नाही. केंद्राने 2000 साली रस्ते निधीचा कायदा केला, तेव्हा डिझेलवरच्या उपकराचा निम्मा हिस्सा ग्रामीण रस्त्यांसाठी राखून ठेवला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, आणि आमच्या गावाची डांबरी सडक त्या योजनेतूनच झाली. शहरात ट्रकमध्ये भरलेल्या डिझेलवर आमच्या गावाला सडक मिळाली. उपकरात जे चाललं, ते टोलमध्ये का चालू नये? जिल्ह्यात जमा होणाऱ्या टोलच्या रुपयातले दहा पैसे त्याच जिल्ह्यातल्या पांदण रस्त्यांना द्या, आणि किती जमले, कुठे लागले, याचा फलक तहसील कार्यालयात लावा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे: समृद्धी कर्ज काढून बांधली आहे, टोल आधी त्या कर्जाला जातो. ठीक आहे, तिथे कर्ज हलकं होईपर्यंत थांबू. पण शक्तिपीठ महामार्ग अजून व्हायचा आहे. पवनारहून निघून वर्धा, यवतमाळमधून तो गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत जाणार. रस्ता हवा की नको, हा वाद ज्यांची जमीन जाते त्यांचा आहे, त्यांचं आधी ऐका. पण रस्ता होणारच असेल, तर पांदणीचा वाटा टोलच्या अधिसूचनेत पहिल्या दिवसापासून लिहिलेला हवा. एकदा दर ठरले आणि करार झाले की नंतर कोणी दाद देत नाही.

येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. गावातल्या कोणत्या पांदणी पावसाळ्यात बंद पडतात, त्यांची लांबी किती, त्यांच्यावर किती खातेदारांची वावरं आहेत, याची यादी दोन पोरांना घेऊन करतो आहे. यवतमाळ, वर्ध्याकडच्या मित्रांनी आपापल्या गावांची यादी आत्ताच करायला घ्यावी. ठरावाचा मजकूर हवा असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, पाठवतो.