पिक्चर कधी काढणार?

माझा भाचा गाण्यांचे व्हिडिओ करतो. नवरात्राच्या आधी दोन महिने त्याला धड जेवायला वेळ नसतो, कारण बडोद्यात जो तो गायक नवा गरबा काढतो. तरी लग्नाकार्यात भेटेल तो विचारतो, "मग, पिक्चर कधी काढणार?" जणू पोरगा अजून बालवाडीतच आहे.

खरं सांगते, मीही विचारायचे. मग एकदा आमच्याच दांडिया बाजारातल्या गच्चीवर पहाटे शूटिंग झालं. स्पीकरवर गाणं दुप्पट वेगानं, चिचुंद्रीसारख्या आवाजात. आईला हसू आवरेना. पण नाचणाऱ्या मुलीला ओठही त्याच वेगानं हलवायचे होते! कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेम घेतो, त्या 25 नं चालवल्या की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि ओढणी मात्र पाण्यात असल्यासारखी संथ उडते. हे सगळं ऊन चढायच्या आत. (आणि त्या गायकानं अर्धे पैसे अजून दिलेले नाहीत, ते वेगळंच.)

दिग्दर्शक प्रदीप सरकार आठवतात? आधी जाहिराती, मग शुभा मुद्गलांच्या 'अब के सावन' गाण्याचा व्हिडिओ. टीव्हीवर लागलं की मी हातातली पोळी तव्यावर विसरायचे. पहिला पिक्चर 'परिणीता' आला 2005 साली, तेव्हा ते 50 वर्षांचे होते. तोवर काय उमेदवारी चालली होती? जालंधरचे दिग्दर्शक तरसेम सिंग तर 'द फॉल'साठी जाहिरातीच्या कामानं जिथे जातील तिथे स्वतःच्या सिनेमाचंही चित्रण करून यायचे, तेही बरंचसं पदरच्या पैशानं.

आणि हा प्रश्न बडोदेकरांनी विचारावा? इथल्याच कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी फोटोग्राफी केली, छपाई केली, जादूचे प्रयोगसुद्धा केले. 'राजा हरिश्चंद्र' आला 1913 साली, वयाच्या 43व्या वर्षी.

एक मात्र कबूल. व्हिडिओत चाल तुम्हाला सांभाळून घेते. सिनेमात दोन माणसं गप्प बसली की दिग्दर्शक उघडा पडतो. सुंदर फ्रेम लावणाऱ्या प्रत्येकाला तो गप्पपणा जमतोच असं नाही. भाच्यालाही हे ठाऊक आहे. म्हणूनच तो घाई करत नाही, असं मला वाटतं.

काल येऊन म्हणाला, "आत्या, रविवारी तुझा झोपाळा लागेल." म्हटलं, "अरे, कड्या फार कुरकुरतात."

"कुरकुरू दे गं. आवाज कुठे घ्यायचाय?"