‘डॉक्टरची चिठ्ठी असली की गांजा चालतो’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

विदर्भातील कॅन्सर रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानेच औषधी वापराला सूट दिली आहे, त्यामुळे डॉक्टरची चिठ्ठी खिशात असली की पोलीस हात लावू शकत नाहीत, एक किलोपर्यंत गांजा बाळगणे गुन्हाच नाही, कॅन्सरच्या रुग्णाला कोणतेही न्यायालय शिक्षा करत नाही, संयुक्त राष्ट्रांनी २०२० मध्ये गांजावरील बंदी उठवली, अमेरिकेत अशा रुग्णांना पूर्ण संरक्षण आहे, आयुर्वेदातील विजया, म्हणजे भांग, दुकानात मिळते, मग गांजाच्या तेलाला कोण अडवणार, आणि शेवटी, हे तेल कॅन्सर मुळापासून बरा करते.

मी नागपुरात वकिली करतो. हाच संदेश मोबाइलवर उघडून कोराडीकडचे एक गृहस्थ मागे माझ्याकडे आले होते. वडिलांना जबड्याचा कॅन्सर, कारण या भागात वेगळे सांगावे लागत नाही: चाळीस वर्षांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा. (ज्या वस्तूने जबडा खाल्ला ती आजही पानठेल्यावर घोटून मिळते, हे जाता जाता.) त्यांनी टेबलावर औषधाच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेली एक ड्रॉपरची छोटी बाटली ठेवली. आत काळपट, चिकट तेल होते आणि बाटलीवर एकही अक्षर नव्हते. सोबत एका डॉक्टरच्या लेटरहेडवरची दोन ओळींची चिठ्ठी होती. “वकील साहेब, चिठ्ठी आहे ना आपल्यापाशी, मग काय होते?” असा त्यांचा प्रश्न होता. काय होते, ते सविस्तर सांगणे भाग आहे.

माझे मत आधीच नोंदवतो. गंभीर आजारात वेदना, मळमळ किंवा झटके यांच्यासाठी गांजापासूनच्या औषधाचा आधार घेणाऱ्या रुग्णाला कायद्याने संरक्षण द्यायला हवे, असे मला वाटते. म्हणूनच हा संदेश मला अधिक घातक वाटतो, कारण संरक्षण मिळालेलेच आहे असे ज्याला वाटते तो ते मागायला जात नाही.

पहिला दावा औषधी सुटीचा, म्हणजे १९८५ च्या त्या कायद्यातील कलम ८ चा आहे आणि तो अर्धा खरा असल्यामुळेच लोकांना पटतो. त्या कलमात ‘वैद्यकीय किंवा वैज्ञानिक प्रयोजन’ हे शब्द आहेत, ही गोष्ट खरी. पण वाक्य तिथे संपत नाही. या प्रयोजनासाठीसुद्धा तो व्यवहार कायद्यात, नियमांत किंवा आदेशांत ठरवून दिलेल्या रीतीने आणि तेवढ्याच मर्यादेत झाला पाहिजे, आणि जिथे परवाना लागतो तिथे परवान्याच्या अटींनुसार झाला पाहिजे, असे पुढचे शब्द सांगतात. संदेश लिहिणाऱ्याने हे शब्द गाळले आहेत. गांजाच्या बाबतीत ही रीत ठरवण्याचा अधिकार कलम १० ने राज्य सरकारला दिला आहे. परंतु घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला त्याच्या नावाने गांजा बाळगण्याचा परवाना देणारी खिडकी निदान माझ्या पाहण्यात या शहरात कुठे नाही. ती चिठ्ठी घेऊन धंतोलीतल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात जाऊन पाहावे. दुकानदार ती परत करील, कारण त्याच्याकडे विकण्याजोगे असे औषधही नाही आणि विकण्याचा परवानाही नाही.

नुसता ‘वैद्यकीय’ हा शब्द रुग्णाला वाचवत नाही, याचा पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. मॉर्फिनचा इतिहास समोर आहे. मॉर्फिनलाही १९८५ पासून हेच कलम ८ लागू होते आणि मॉर्फिन हे औषध आहे याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. तरीही प्रत्येक राज्याचे वेगळे नियम, एकाच साठ्यासाठी लागणारे अनेक परवाने आणि चुकल्यास होणाऱ्या कडक शिक्षेची भीती यांमुळे रुग्णालयांनी ते ठेवणेच बंद केले आणि देशातील वैद्यकीय मॉर्फिनचा वापर कमालीचा घटला. कर्करोगाचे रुग्ण जवळजवळ तीन दशके कण्हत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ असा वेगळा वर्ग केला, त्यांच्यासाठी देशभर एकच नियम आला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एका मान्यतेवर साठा ठेवता येऊ लागला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. या वर्गात मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन यांसारखी औषधे आली. गांजा त्यात नाही.

कायद्याला रुग्णाचे संरक्षण लिहिता येत नाही, असेही नाही. याच कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांत नियम ६६ आहे. मनोव्यापारांवर परिणाम करणारी औषधे, उदाहरणार्थ अल्प्राझोलामची गोळी, एखाद्या व्यक्तीला स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी शंभर मात्रांपर्यंत आणि दीर्घकालीन उपचारासाठी नोंदणीकृत डॉक्टरने खास लिहून दिल्यास तीनशे मात्रांपर्यंत बाळगता येतात, असे तो नियम स्पष्ट सांगतो. व्यक्ती कोण, प्रमाण किती, कोणाच्या लेखणीने, हे सगळे त्यात आहे. चिठ्ठीला तिथे वजन आहे, कारण नियमाने ते दिले आहे. गांजासाठी असा नियम नाही, म्हणून गांजाची चिठ्ठी हा फक्त डॉक्टरच्या मताचा कागद राहतो.

दुसरा दावा एक किलोचा. १००० ग्रॅमपर्यंतचा गांजा हे अधिसूचनेनुसार ‘अल्प प्रमाण’ आहे, एवढेच त्यातले सत्य. अल्प प्रमाण म्हणजे माफी नव्हे. कलम २० नुसार त्यासाठीही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि या कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते. आंध्र-ओडिशाकडून येणाऱ्या गाड्यांमुळे नागपूर रेल्वे स्थानकावर गांजाची तपासणी हा नित्याचा भाग आहे. तिथे कॅन्सरच्या रुग्णाचा मुलगा आणि तस्कराचा हस्तक यांच्या पिशव्या सारख्याच दिसतात.

त्या काळ्या तेलाची गोष्ट तर याहून बिकट आहे, आणि संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणाला ती ठाऊक असेल असे मला वाटत नाही. कायद्याच्या व्याख्येत ‘गांजा’ म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. आणि झाडापासून वेगळी केलेली राळ व तिचे घट्ट द्रावण, ज्याला हशिश तेल म्हणतात, ते सगळे ‘चरस’ या सदरात मोडते. चरसाचे अल्प प्रमाण किलोभर नसून १०० ग्रॅम आहे. शिवाय कलम १० मध्ये राज्याला परवानगी देण्याचा जो अधिकार आहे, त्यातून चरस मुद्दाम वगळलेला आहे, म्हणजे उद्या महाराष्ट्र सरकारच्या मनात आले तरी या तेलाला त्या कलमाखाली परवाना देता येणार नाही. काही घरांत तूप किंवा खोबरेल तेलात गांजा उकळून डबा भरून ठेवतात. त्यांनी हेही लक्षात घ्यावे की २०२० च्या हिरा सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार प्रमाण ठरवताना मिश्रणाचे एकूण वजन धरले जाते. आत अमली द्रव्य चिमूटभर असले तरी तराजूवर तुपासकट डबा चढतो.

‘न्यायालय रुग्णाला शिक्षा करत नाही’ हा तिसरा दावा. न्यायाधीश माणूस असतो आणि आजारी आरोपीकडे तो सहानुभूतीने पाहू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आजारी किंवा अशक्त आरोपीला जामीन देताना विचार करण्याची तरतूदही आहे. पण जामीन म्हणजे अटकेनंतरची सुटका. खटला त्याने संपत नाही. दोषी ठरल्यावर इतर लहान गुन्ह्यांत चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून देण्याची जी सवलत मिळते, ती कलम ३३ ने या कायद्यात अठरा वर्षांवरील व्यक्तीला कलम २६ आणि २७ वगळता नाकारली आहे. गांजा बाळगल्याचे कलम २० या अपवादात बसत नाही.

या कायद्यात दयेचे दार अजिबात नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. दार आहे, पण त्यावर पाटी दुसऱ्याच्या नावाची आहे. कलम ६४अ नुसार अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातील ‘व्यसनी’ व्यक्तीने सरकारमान्य रुग्णालयात स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, तर तिच्यावर खटला चालत नाही. कलम ३९ मध्ये दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला तुरुंगाऐवजी उपचारांसाठी सोडता येते. दोन्ही तरतुदी माणुसकीच्या आहेत. पण केमोथेरपीच्या तिसऱ्या फेरीनंतर घोटभर पाणीही पोटात ठरत नाही म्हणून ज्याने तेलाचे दोन थेंब घेतले, त्याला या दारातून आत जायचे असेल तर आधी स्वतःला व्यसनी म्हणवून घ्यावे लागेल आणि मग ज्या वस्तूने थोडा आराम पडतो तीच सोडण्याचे उपचार घ्यावे लागतील. हे मी त्या गृहस्थांना समजावून सांगितले तेव्हा ते बराच वेळ बाटलीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे बाबांनी आता लिहून द्यायचे का, की मी गांजेकस आहे म्हणून?”

संयुक्त राष्ट्रांचा मुद्दा लवकर आटोपतो. २ डिसेंबर २०२० रोजी व्हिएन्ना येथे अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा अमली पदार्थांवरील १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांच्या, अनुसूचीतून काढला आणि भारताने त्या बाजूने मत दिले, हे खरे आहे. परंतु पहिल्या अनुसूचीत तो अजून आहे, म्हणजे नियंत्रण कायम आहे. त्या मतदानानंतर आपल्या घरच्या कायद्यातील गांजाची व्याख्या किंवा शिक्षा बदललेली नाही, आणि ठाण्यातला हवालदार व्हिएन्नाच्या ठरावावर चालत नाही.

अमेरिकेचे उदाहरण देणाऱ्याने ते पूर्ण द्यायला हवे होते. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्ये रुग्णांसाठी कायदा मंजूर केला, तरीही २००२ मध्ये केंद्रीय अधिकाऱ्यांनी तिथल्या एका रुग्ण महिलेची घरची सहा झाडे उपटून नष्ट केली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ च्या ‘गोन्झालेस विरुद्ध राइच’ निकालात सहा विरुद्ध तीन मतांनी केंद्राचाच अधिकार मान्य झाला. पुढे २०१४ मध्ये तिथल्या संसदेने खर्चाच्या विधेयकात एक कलम घातले, की राज्यांच्या वैद्यकीय गांजा कायद्यांच्या अंमलबजावणीत अडथळा आणण्यासाठी न्याय खात्याने पैसा खर्च करू नये. आणि हे कलम मुदत संपली की पुन्हा मंजूर करावे लागते. ज्याला ‘पूर्ण संरक्षण’ म्हटले जाते त्याचा एक मोठा खांब अशा फिरून फिरून नव्याने बांधाव्या लागणाऱ्या दोरीने उभा आहे.

विजयेबाबत संदेशात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. शेंड्यांशिवाय असलेली पाने केंद्रीय कायद्याच्या ‘गांजा’ या व्याख्येत येत नाहीत, म्हणून परवानाधारक कारखान्यात पानांपासून बनवलेले आयुर्वेदिक औषध वैद्याच्या सल्ल्याने घेता येते. औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये भांग विषारी द्रव्यांत असल्याने अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा इंग्रजी आणि हिंदीत छापणे बंधनकारक आहे; उत्पादकाचा परवाना क्रमांकही असतो. गंभीर रुग्णापुढे आज जी कायदेशीर वाट आहे ती एवढीच, आणि ती अरुंद आहे. पण ती पाहून कोणी घरी भांगेची पाने साठवू नयेत, कारण महाराष्ट्रात भांगेला १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. कोराडीच्या बाटलीवर ना इशारा होता, ना क्रमांक, ना आतल्या द्रव्याचे नाव.

कॅन्सर मुळापासून बरा होतो, या दाव्यावर मी फार शाई खर्च करणार नाही. गांजातील घटकांवर बेतलेल्या औषधांपैकी केमोथेरपीच्या मळमळीसाठी ड्रोनॅबिनॉलला अमेरिकेत १९८५ मध्ये आणि लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी कॅनाबिडिऑलला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. या औषधांची मात्रा ठरलेली असते आणि ती तपासून दिली जातात. कॅन्सर बरा करण्यासाठी गांजाच्या कोणत्याही औषधाला अशी मान्यता नाही, आणि कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणे हा १९५४ च्या जादूटोणासदृश उपायांविरुद्धच्या औषध जाहिरात कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. ज्याने हा संदेश रचला त्यालाच खरे तर वकील लागेल.

मग मागायचे काय? नियम ६६ सारखाच एक नियम: ठरावीक गंभीर आजारांच्या रुग्णाला, तज्ज्ञ डॉक्टरच्या नोंदणी क्रमांकासह दिलेल्या चिठ्ठीवर, प्रमाणित औषध ठरावीक मात्रेपर्यंत बाळगता येईल आणि सांभाळ करणाऱ्या नातेवाइकालाही ते रुग्णासाठी नेता-आणता येईल. फुलोऱ्यापुरते काम राज्याला कलम १० खाली करता येण्याजोगे आहे. तेलासाठी मात्र संसदेलाच कायद्याला हात लावावा लागेल, जसा २०१४ मध्ये मॉर्फिनसाठी लावला.

त्या दिवशी मी त्या गृहस्थांना वेदनाशामक उपचारांच्या ओपीडीत पाठवले. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा हातात मॉर्फिनच्या गोळ्यांची पट्टी होती आणि चिठ्ठीवर वडिलांचे नाव, गोळ्यांची संख्या आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक होता. कोराडीहून बसने येताना ही पट्टी त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली होती. वडिलांचे दुखणे कमी आहे, असे ते म्हणाले. मळमळ मात्र अजून तशीच आहे.