मॅक्सच्या चेहऱ्यावर समाधान का दिसत नाही

काल रात्री 1979 चा ऑस्ट्रेलियन 'मॅड मॅक्स' पुन्हा पाहिला, मॅक्स नावाच्या हायवे पोलिसाच्या सूडाचा सिनेमा. कितव्यांदा ते आता आठवत नाही. पुढचे भव्य भाग आधी पाहून आलेले लोक या पहिल्या सिनेमाला संथ म्हणतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

जेमतेम साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये बनलेला हा सिनेमा. पैसे इतके कमी, की सुरुवातीच्या पाठलागात दिग्दर्शक जॉर्ज मिलरनं स्वतःची व्हॅन फोडायला दिली. सिनेमातल्या बहुतेक पोलिसांच्या कपड्यांचं चामडंसुद्धा खरं नाही. भविष्यकाळाचे सेट उभारणं परवडणारं नव्हतं, म्हणून मेलबर्नच्या आसपासचे मोकळे रस्ते, ओसाड शेतं आणि पडक्या इमारती जशा होत्या तशाच वापरल्या. आणि त्यामुळेच हे जग अंगावर येतं. इथे जग बुडालेलं नाही, बुडत चाललंय. दुकानं उघडी आहेत, कोर्टही चालू आहे, फक्त कायद्याला कोणी विचारत नाही. 1973 च्या तेलसंकटाची भीती या सिनेमाच्या मुळाशी आहे, आणि ती मला कुठल्याही राखरांगोळी झालेल्या शहरापेक्षा जास्त खरी वाटते.

मिलर मुळात डॉक्टर. सिडनीच्या हॉस्पिटलात इमर्जन्सीला अपघाताच्या केसेस त्यानं रोज पाहिलेल्या. म्हणूनच असेल, पण जखम कुठे दाखवायची आणि कुठे झाकायची हे त्याला नेमकं कळतं. मॅक्सची बायको बाळाला कडेवर घेऊन भर रस्त्यात पळतेय, मागून गुंडांच्या टोळीच्या मोटरसायकली येतायत. धडक आपल्याला दिसतच नाही. दिसतो तो डांबरावर घरंगळत आलेला बाळाचा बूट. एवढंच! तिथे मी आजही नजर वळवतो.

सूड सुरू होतो तो थेट शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत. 'एवढा उशीर का?' हा प्रश्नच मला पटत नाही. त्याआधी मॅक्स नोकरी सोडू बघतो, कारण रस्त्यावरच्या त्या गुंडांसारखंच आपल्यालाही हे सगळं आवडायला लागलंय, हे त्याला कळून चुकलेलं असतं. ही कबुली आधी ऐकलेली असते, म्हणून शेवट पाहताना टाळ्या वाजवायला हात उठत नाहीत.

शेवटी तो टोळीतल्या पोराचा घोटा बेडीनं उलटलेल्या गाडीला अडकवतो. पेट्रोल गळतंय, जवळच आग लागायची सोय. हातात करवत देऊन शांतपणे हिशोब सांगतो: बेडी कापायला दहा मिनिटं लागतील, पाय कापायला पाच. आवाज चढत नाही, राग दिसत नाही. मागे स्फोट होतो आणि मॅक्स गाडी चालवत राहतो. डोळे समोरच्या रस्त्यावर, पापणीसुद्धा हलत नाही.